शेवटच्या एसटीचं वर्तुळ

डिसेंबर २०१७. आम्ही चौघे मित्र पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, फुटबॉल सामना बघायला गेलो होतो. सकाळी नऊला छत्रपती संभाजीनगरच्या सिडको बसस्थानकावरून निघालो, नगरला चहा झाला, तीनच्या सुमारास शिवाजीनगरला उतरलो आणि तिथून गर्दीतून वाट काढत बालेवाडी. सामना रात्री आठचा. तो संपल्यावर धावतपळत पुन्हा शिवाजीनगर गाठलं, बाराच्या गाडीत जागा मिळाली आणि पहाटे साडेपाचला परत सिडकोत. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी वीस तास. चौघांपैकी एक जण वाळूजला कंपनीत कामाला होता, त्याचा एक दिवसाचा पगार गेला. घरी येऊन मी वहीत खर्च मांडला, तेव्हा लक्षात आलं की या सगळ्यात स्वस्त पडलं ते सामन्याचं तिकीट.

असाच हिशेब हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९४७ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागाला एका पत्रातून सुचवला होता. उद्यानात शिरायला फारसे पैसे पडत नाहीत, मग लोकांना त्या जागेचं मोल किती वाटतं हे कळणार कसं? हॉटेलिंगचं म्हणणं असं, की उद्यानाभोवती वर्तुळं काढा. प्रत्येक पट्ट्यातून हजारी किती माणसं येतात ते मोजा आणि तिथून यायला किती खर्च येतो तेही मोजा. खर्च वाढेल तसे येणारे घटतात, आणि ते किती झपाट्याने घटतात यावरून त्या जागेची ओढ समजते. याला प्रवासखर्च पद्धत म्हणतात. एखादी व्यावसायिक फुटबॉल लीग नवा संघ कुठल्या शहराला द्यायचा हे ठरवायला बसते, तेव्हा तिच्या नकाशावरही अशीच वर्तुळं उमटतात.

आपल्याकडे ही वर्तुळं समजायला आठवडी बाजारासारखं दुसरं उदाहरण नाही. आमच्या गावचा बाजार सोमवारचा. भाजीवाले, चपलावाले, शेव-चिवड्याची पालं हे सगळं तिथे मिळतं. पण बैलजोडी घ्यायची तर उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा बाजार गाठावा लागतो. कारण सरळ आहे: भाजी रोज लागते, बैल चार-पाच वर्षांनी एकदा. दिवसाचा धंदा व्हायला भाजीवाल्याला एका गावाची गिऱ्हाइकं पुरतात, बैलबाजाराला कित्येक तालुके लागतात. वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाने १९३३ साली दक्षिण जर्मनीतली गावं आणि शहरं तपासून हेच शास्त्रात बसवलं. प्रत्येक सेवेला दोन मापं असतात. धंदा टिकायला किमान किती माणसं हवीत, तो झाला तिचा उंबरठा. आणि त्या सेवेसाठी माणूस फार तर किती लांबून येईल, तो तिचा पल्ला. पल्ल्याच्या आत उंबरठ्याइतकी माणसं सापडली तर दुकान चालतं, नाही तर बसतं.

फुटबॉल संघ हा या भाषेत बैलबाजारापेक्षाही मोठा मामला आहे. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे एमएलएसमध्ये, एका संघाचे हंगामात १७ घरचे सामने होतात. दर वेळी वीसेक हजार माणसं पैसे मोजून आली पाहिजेत, आणि पुढच्या वर्षीही आली पाहिजेत. नवं स्टेडियम झालं की पहिली काही वर्षं नव्याची नवलाई असते, गर्दी होतेच. ती ओसरल्यावर किती जण उरतात, हा खरा उंबरठा.

पल्ला किलोमीटरमध्ये मोजला जातो, पण माणसं तो वेळेत जगतात. मराठवाड्यात तो शेवटच्या गाडीने ठरतो. समजा छत्रपती संभाजीनगरात संघ आहे आणि सामना रविवारी दुपारी चारचा आहे. पैठण, सिल्लोड, वैजापूर, जालना, सगळीकडची पोरं येऊन रात्री घरी जेवायला परत जातील. तोच सामना रात्री आठचा ठेवा. दहाला बाहेर पडणाऱ्या पोराला मुक्कामी गाडी केव्हाच निघून गेलेली असेल, आणि वर्तुळ आक्रसून शहराच्या हद्दीपर्यंत येईल. समृद्धी महामार्गामुळे जालना जवळ आलं हे खरं, पण ते स्वतःची गाडी असणाऱ्याला. टीव्हीला मात्र रात्रीचीच वेळ हवी असते, म्हणून लीगच्या खोलीत हा झगडा कायम चालू असतो.

शिकागोच्या संघाने याची किंमत रोख मोजली आहे. २००६ साली तो ब्रिजव्ह्यू या उपनगरातल्या खास फुटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये गेला. स्टेडियम चांगलं होतं, पण शहराच्या मध्यातून तिथे पोचणं कटकटीचं होतं. शेवटी २०१९ मध्ये साडेसहा कोटी डॉलर भरून संघाने करारातून सुटका करून घेतली आणि पुढच्या हंगामापासून परत शहरात आला.

दोन शहरांच्या मधल्या गावांचं काय? विल्यम रायली या अमेरिकी अभ्यासकाने १९३१ साली बाजारपेठांसाठी गुरुत्वाकर्षणासारखा नियम मांडला: शहर जितकं मोठं तितकी ओढ जास्त, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती कमी. त्यावरून दोन शहरांमधली सीमा काढता येते. मी पुणे आणि संभाजीनगरची काढून पाहिली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड धरून पुणे महानगराची लोकसंख्या साडेपन्नास लाखांच्या आसपास होती, आपल्या शहराची बारा लाखांच्या जरा आत. म्हणजे सव्वाचार पट. त्याचं वर्गमूळ दोनहून किंचित जास्त. त्यात एक मिळवा आणि रस्त्याच्या २३५ किलोमीटरला त्याने भागा. उत्तर येतं आपल्या शहरापासून सुमारे ७७ किलोमीटर. नेवासा फाटा ओलांडून घोडेगावच्या आसपास ही अदृश्य रेषा पडते. अलीकडचं गिऱ्हाईक आपलं, पलीकडचं पुण्याचं. कापडाच्या दुकानासाठी बनवलेला नियम आहे हा, फुटबॉलला जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. तरी नगर जिल्ह्यातला कुठला माणूस दवाखान्यासाठी कुठल्या शहराकडे वळतो, हे आठवून पाहा. उत्तर फार चुकत नाही.

इथपर्यंत भूगोल झाला. पण नुसत्या भूगोलावर शहर निवडलं जात असतं, तर मोठ्या शहरांची यादी वरून खाली वाचली की काम भागलं असतं. एमएलएस १९९६ मध्ये दहा संघांनी सुरू झाली, नंतर दोन वाढले, आणि २००१ चा हंगाम संपल्यावर फ्लोरिडातले दोन बंद करावे लागले. तेव्हापासून लीग फार सावध झाली. जानेवारी २०१७ अखेर तिच्याकडे १२ शहरांतून अर्ज आले, तेव्हा तिने लोकसंख्येच्या जोडीने दोन गोष्टी काटेकोर तपासल्या: मैदान कुणाच्या ताब्यात आहे, आणि मालकाचा खिसा किती खोल आहे. सेंट लुइसच्या मतदारांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टेडियमला सार्वजनिक पैसा द्यायला नकार दिला आणि शहर मागे पडलं. पुढे एका उद्योजक घराण्याने बहुतेक खासगी पैशातून स्टेडियम उभं केलं, तेव्हा २०२३ मध्ये संघ आला. सॅक्रामेंटोची कहाणी तर चटका लावणारी आहे. गर्दी होती, २०१९ मध्ये संघ जाहीरही झाला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत मुख्य गुंतवणूकदाराने अंग काढून घेतलं. एक माणूस मागे सरला आणि अख्खं शहर ताटावरून उठलं.

आता नव्या संघाने लीगला द्यायचं प्रवेशशुल्क. २००७ साली आलेल्या टोरांटोने लीगला १ कोटी डॉलर दिले. २०१२ मध्ये माँट्रियलने ४ कोटी, २०१९ मध्ये सिनसिनाटीने १५ कोटी. २०२५ मध्ये सॅन दिएगो तिसावा संघ म्हणून उतरला, त्याचं शुल्क ५० कोटी डॉलर. एवढे पैसे कशाचे? थोडा ढोबळ हिशेब करू. लीगने २०२२ मध्ये ॲपलशी प्रक्षेपणाचा करार जाहीर केला, दहा वर्षांचे किमान २५० कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला २५ कोटी. २९ जणांत वाटले तर प्रत्येकाला साधारण ८६ लाख, ३० जणांत वाटले तर ८३ लाख. नवा भाऊ आला की वाटणी होते आणि प्रत्येकाचं वर्षाला तीनेक लाखांचं नुकसान. पण त्या भावाने दाराशीच ५० कोटी ठेवले, तर २९ जणांना प्रत्येकी १ कोटी ७२ लाख मिळतात. पन्नासहून जास्त वर्षांचा तोटा एका दमात फिटला! लीगचा खरा ताळेबंद याहून गुंतागुंतीचा असतो, पण शुल्क का फुगतं ते यातून कळतं. टीव्हीचा पैसा वाढला की वाटेकरी नकोसे होतात, आणि मग दाराची किंमत आणखी चढते.

म्हणूनच लीग सगळी चांगली शहरं कधीच भरून टाकत नाही. खेळाच्या अर्थशास्त्रात हे जुनं निरीक्षण आहे. एक-दोन तगडी शहरं रिकामी ठेवली की जुन्या संघांचे मालक आपल्या शहराला म्हणू शकतात, स्टेडियमला पैसे द्या, नाहीतर आम्ही तिकडे निघालो. मला ही बाब मनापासून खटकते, कारण यात प्रेक्षकाचं प्रेम ओलीस राहतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या लोकांना हे भोगावं लागलं. लीगच्या पहिल्या हंगामापासून असलेला त्यांचा संघ ऑस्टिनला नेण्याची तयारी मालकाने उघड केली. लोक रस्त्यावर उतरले, राज्यानेही १९९६ चा एक कायदा बाहेर काढला. सार्वजनिक पैशाचा आधार घेतलेला संघ गाव सोडण्याआधी स्थानिकांना विकत घेण्याची संधी देईल, अशी त्यात तरतूद होती. अखेर नवे मालक मिळाले आणि संघ कोलंबसमध्येच राहिला. २०२० चं विजेतेपदही त्यानेच मिळवलं. ऑस्टिनला वेगळा संघ २०२१ मध्ये मिळाला.

मागणी खरी की वरवरची, हे ओळखणं मात्र लीगला चांगलं जमतं. सह्यांची मोहीम फुकट असते, त्यामुळे तिचं वजन कमी. अर्थशास्त्रात जो संकेत द्यायला स्वतःची काहीतरी झीज सोसावी लागते, तोच विश्वासाचा मानतात. सिनसिनाटीत २०१७ साली खालच्या पातळीच्या लीगमधल्या संघाला सरासरी वीस हजारांवर माणसं तिकीट काढून येत होती. पुढच्याच वर्षी त्या शहराचं नाव जाहीर झालं.

शेजारही बघितला जातो. सिएटल २००९ मध्ये आलं, तर दोन वर्षांनी पोर्टलंड आणि व्हँकूव्हर. सिएटल ते पोर्टलंड साधारण पावणेतीनशे किलोमीटर, आपल्या संभाजीनगर-नांदेडएवढं. या तिघांची चुरस लीगच्याही आधीची आहे, आणि पाहुण्या संघाचे प्रेक्षक गाड्या भरून येऊ शकतात. एकटा संघ जितकं ओढतो त्याहून जास्त हे तिघे मिळून ओढतात.

आता आपल्याकडे या. आयएसएल २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली. आम्ही ज्या पुणे संघासाठी वीस तास घालवले, तो २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. पन्नास लाखांचं महानगर असूनही! आणि २०१७ मध्ये आलेलं जमशेदपूर बघा. २०११ च्या जनगणनेत ते महानगर धरून तेरा लाखांच्या थोडं वर, म्हणजे आपल्या शहरापेक्षा जरासंच मोठं. तेही कारखान्यांचं गाव, आपलंही. फरक लोकसंख्येत नाही. तिथे १९८७ पासून टाटा फुटबॉल अकादमी आहे, स्टेडियम शहराच्या आत आहे, आणि मैदान, पैसा, संघ हे तिन्ही एकाच घरातले. २०२१-२२ मध्ये साखळी फेरीत अव्वल राहून त्यांनी लीग शील्ड जिंकली.

क्रिकेटमध्ये २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये छत्रपती संभाजी किंग्ज उतरले. नाव आपलं, पण त्या हंगामाचे सामने सगळे पुण्याजवळच्या गहुंज्याला झाले. संघाला गावाचं नाव मिळणं आणि गावाला संघ मिळणं यात जे अंतर आहे, ते जायकवाडीच्या पाण्यासारखं आहे. धरण जवळ आहे म्हणून नळाला रोज पाणी येत नाही.

एक गोष्ट मात्र मोजायला आत्ताच सुरुवात करता येईल. आमखास मैदानावर मी अधूनमधून जातो. संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात, मी कडेला बसून कोण कुठून येतो ते विचारतो आणि वहीत गावाचं नाव, अंतर आणि परतीच्या गाडीची वेळ लिहून ठेवतो. हॉटेलिंगची वर्तुळं हळूहळू भरत आहेत. त्यात पैठण तालुक्यातल्या एका आडगावचा मुलगा आहे. शहरात शिकायला येतो आणि बचावात खेळतो. सव्वासहा झाले की तो बूट काढतो, पिशवीत कोंबतो आणि चपला पायात सरकवत बसस्थानकाकडे पळतो, कारण सातची मुक्कामी गाडी चुकली तर घर नाही. तो निघाला की मधल्या फळीतलं एक पोरगं न सांगता मागे सरकतं आणि खेळ चालू राहतो.