बालगृहातील मुले, अभ्यास आणि पहिली दोन वर्षे

दहावीचा निकाल लागला की बालगृहातील एखाद्या मुलीने ‘जिद्दीच्या जोरावर’ घवघवीत यश मिळवल्याची बातमी हमखास छापून येते. तिचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र त्याच बालगृहातील नापास मुलींकडे जिद्द नव्हती, असाही अर्थ त्यातून निघतो आणि तो चुकीचा आहे.

संस्थेत वाढलेली मुले अभ्यासात मागे पडतात, ती मुळातच अशक्त असल्यामुळे की संस्थेमुळे, हा जुना वाद आहे. त्याची तड लावणारा प्रयोग रुमानियातील बुखारेस्ट शहरात झाला. तेथील हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, न पोसवणारी मुले सरकारी संस्थांत जाऊ लागली आणि १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा तेथे लाखाहून अधिक मुले होती. नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकी संशोधकांनी पुढे सहा संस्थांतील १३६ बालकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. निम्मी मुले प्रतिपालक, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या, कुटुंबांत गेली, उरलेली संस्थेतच राहिली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतील मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७३ च्या आसपास, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, तर शहरातील घरी वाढलेल्या मुलांचा १०९ भरला. वाटणी चिठ्ठीने झालेली असल्यामुळे पहिल्या दोन गटांतील फरकाचा दोष कोणाच्या रक्तावर ढकलता येत नाही. अनाथ मूल ‘पांढऱ्या पायाचे’ मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

हे घडते कसे, ते मेंदूच्या विद्युत आलेखात दिसते. तान्ह्या मुलाच्या मेंदूत संथ थीटा तरंगांचे प्राबल्य असते. वय वाढते तसे ते ओसरून अधिक जलद अल्फा तरंग वाढतात. मूल हुंकार देते, आई त्याला उत्तर देते, मूल पुन्हा हुंकारते. अशा देवाणघेवाणीत वारंवार वापरल्या जाणाऱ्या चेताजोडण्या, म्हणजे मेंदूतील पेशींमधले दुवे, पक्क्या होतात आणि न वापरलेल्या छाटल्या जातात. पाळी बदलली की सांभाळणारी बाई बदलते, अशा संस्थेत त्या हुंकाराला उत्तर देणारे ठरलेले माणूसच नसते. तेथील मुलांच्या आलेखात थीटा अधिक आणि अल्फा कमी आढळले. सर्वांत लक्षणीय बाब अशी की, दोन वर्षांचे होण्याआधी कुटुंबात गेलेल्या मुलांचे अल्फा तरंग आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारखेच होते, उशिरा गेलेल्यांचे नव्हते.

तरीही सगळे भरून आले नाही. कार्यकारी स्मृतीतील, म्हणजे हाती असलेल्या कामापुरती माहिती डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेतील उणीव बऱ्याच अंशी टिकून राहिली. शाब्दिक उदाहरणातील पहिल्या ओळीतली संख्या तिसऱ्या ओळीपर्यंत निसटणारे मूल वर्गात ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाते.

मग शाळेच्या वयात काहीच करता येत नाही का? येते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि ब्रिस्टल विद्यापीठांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सरकारी देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांचे वयाच्या अकराव्या वर्षानंतर राहण्याचे ठिकाण जितक्या वेळा बदलले, तितक्या वेळा शालान्त परीक्षेत प्रत्येक विषयामागे सुमारे एक तृतीयांश श्रेणीची घट दिसली. परीक्षेच्या तोंडावर शाळा बदललेल्यांचे निकाल आणखी खाली होते. दीर्घकाळ स्थिर प्रतिपालक घरात राहिलेली मुले मात्र, अडचणीतील स्वतःच्याच घरी राहिलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली.

आपल्याकडे महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले, ते योग्यच झाले. पण त्याचा लाभ प्रवेशाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांनाच मिळतो. बालगृहाचे छत अठराव्या वर्षी, म्हणजे ऐन बारावीच्या सुमारास संपते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्यांना पुढे आधार देण्याची, सोय एकविसाव्या वर्षापर्यंतची आहे आणि त्यापुढची मुदतवाढ नियमांनी अपवाद म्हणून ठेवली आहे. बारावीनंतर चार वर्षांची पदवी घेणाऱ्याचे शेवटचे वर्ष नेमके त्या अपवादात येते.