हाडांवरून वय: ‘दोन वर्षं मागे-पुढे’ आलं कुठून?

कोर्टाच्या बातमीत ‘ऑसिफिकेशन टेस्ट’, म्हणजे आरोपी किंवा पीडित अल्पवयीन आहे का हे हाडांवरून ताडायची चाचणी, असं वाचलं की रक्तगटासारखं एकच नेमकं उत्तर येईल असं वाटतं. येतो तो अंदाज: ‘वय १६ ते १८ वर्षे’. मनगट, कोपर, कमरेचं हाड यांच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाजवळची काळी फट, म्हणजे वाढीची कूर्चा, कितपत भरून आली आहे हे डॉक्टर बघतात आणि मत देतात. ते वय हाडांचं. मुलाचं वय त्यावरून ताडायचं, आणि चाचणी या शब्दाआड नेमकं हेच दडून जातं.

ताडायला जगभर वापरला जाणारा एक्स-रे संग्रह १९५० चा. त्यातले हात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांचे, एक्स-रे १९३१ ते १९४२ दरम्यानचे. हेतू वाढीवर लक्ष ठेवण्याचा. आरोपीच्या पिंजऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. आपल्याकडे बंगालमधल्या मुलांच्या हाडांवरचा १९३७ चा अभ्यास होता, पण खटल्यांत गाजली ती वेगळीच गोष्ट.

१९८२ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या एका मुलाच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरावी. याची ‘न्यायिक दखल’ घेतली, म्हणजे वेगळा पुरावा लागला नाही. पुढे ‘दोन्ही बाजूंना’ हे शब्द बाजूला पडत गेले आणि वकिलांना सोयीची बाजू उरली. बालन्याय कायद्याखालच्या २००७ च्या नियमांनी भर घातली: अचूक वय ठरत नसेल तर मुलाला एका वर्षाच्या मर्यादेत कमी वयाचा फायदा देता येईल. एक्स-रे तोच, कोर्टात दोन वर्षं, तेव्हाच्या नियमांत एक. पीडितेचं वय ठरवताना तर काटा उलटा फिरतो: २०२४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, प्रकरणांत अहवालातलं वरचं वय धरून त्यावर आणखी दोन वर्षांची सूट मोजायला सांगितलं. संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व बरोबरच. पण हाडांनी ते सांगितलेलं नाही, एवढं लक्षात ठेवावं.



२०१५ च्या बालन्याय कायद्यात वय ठरवण्याचा क्रम असा: आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, मग पालिका वा पंचायतीचा, आणि दोन्ही नसतील तरच हाडं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख त्यामुळे एक्स-रेच्या वर बसते.