स्वरयंत्रातला पॅपिलोमा आणि जनआरोग्य योजना : कागद कुठे अडतात

मूल दोन-तीन वर्षांचं, आवाज महिनोन्‌महिने घोगरा, दमा समजून औषधं सुरू. शेवटी दुर्बिणीतून पाहिल्यावर स्वरतंतूंवर चामखिळीसारखे कोंब दिसतात. हा पॅपिलोमा. कर्करोग नव्हे, एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होणारी दुर्मीळ वाढ. पण काढली तरी परत उगवते, म्हणून काही मुलांना भूल देऊन पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि खर्चाने घर टेकीला येतं.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. ५ लाख कुटुंबाचे मिळून, प्रत्येक माणसाचे नव्हेत. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाकडे) जायचं, एवढंच.

अडतं ते इथे. लहान मुलाचं नाव रेशनकार्डावर नसतंच. 'शाळेत घालताना चढवू' म्हणून राहून गेलेलं असतं आणि आजार नेमका त्याच वयात येतो. निदान झालं त्याच आठवड्यात तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज टाका. तोवर जन्मदाखला आणि आईवडिलांचं आधार जवळ ठेवा, आरोग्यमित्राला आधीच दाखवा. आधारवर 'सोनू' आणि जन्मदाखल्यावर 'स्वप्नील' असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको.

दुसरी चूक फार महागात पडते. लोक ऑपरेशन करून, बिल भरून, मग पावत्या घेऊन येतात. ही योजना पैसे परत देत नाही. पूर्वमंजुरी आधी, शस्त्रक्रिया नंतर. श्वास अडकला असेल तर मात्र कागदांपायी थांबू नका, थेट दाखल करा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर मंजुरी घेण्याची सोय आहे. ती मागावी लागते, आपणहून कोणी सांगत नाही.

रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, आहे एवढ्यावर विसंबू नका. कान-नाक-घसा विभागासाठी अंगीकृत आहे का, हे विचारा. नसेल तर आख्खा दिवस फुकट. चौकशीला १५५३८८ हा क्रमांक आहे.

पूर्वमंजुरी दर शस्त्रक्रियेला नव्याने लागते. म्हणून दुर्बीण तपासणीचे फोटो आणि बायप्सीचा अहवाल यांच्या चार-चार प्रती काढून ठेवा, मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका.