रजनीशपुरम ज्या जिल्ह्यात वसलं

पुण्यातल्या जुन्या माणसांना ‘ओरेगन’ म्हटलं की एकच गोष्ट आठवते: १९८१ साली रजनीश कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांच्या शिष्यांनी एक अख्खं गाव उभं केलं. ते गाव ओरेगनमध्ये नेमकं कुठे होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्याचा बराचसा भाग वास्को काउंटीत होता, उरलेला शेजारच्या जेफरसन काउंटीत. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.) वास्को हे नाव वाचून गोव्याचं रेल्वे स्टेशन डोळ्यांपुढे येईल, पण त्या पोर्तुगीज दर्यावर्दीचा इथे काही संबंध नाही. वास्को ही कोलंबिया नदीकाठची एक मूळनिवासी जमात. त्यांच्या भाषेतल्या ‘वाटी’ या शब्दावरून हे नाव आल्याचं सांगतात. शिंगाच्या कोरीव वाट्या ही या लोकांची खासियत होती.

११ जानेवारी १८५४ला ही काउंटी जाहीर झाली तेव्हा ती आजच्या महाराष्ट्रापेक्षा मोठी होती. कॅस्केड पर्वतापासून रॉकी पर्वतापर्यंतचा, सुमारे १ लाख ३० हजार चौरस मैलांचा मुलूख एकाच काउंटीच्या नावावर. अमेरिकेत इतकी मोठी काउंटी पुन्हा झाली नाही. अर्थात हा पसारा कागदावरचाच. कारभार चालायचा नदीकाठच्या द डॅल्स या गावातून, आणि तिथलं १८५९ सालचं कोर्ट म्हणजे एक साधी लाकडी इमारत. ओरेगनला राज्याचा दर्जा मिळाला, हद्दी आखल्या गेल्या आणि वास्कोचे तुकडे पडत गेले. १९०८मध्ये हूड रिव्हर काउंटी वेगळी निघाली. आज उरलेत जेमतेम २४०० चौरस मैल, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही कमी.

भूगोल समजायला मराठी माणसाला नकाशाची गरज पडू नये. महाबळेश्वरहून माण-खटावकडे उतरताना जे होतं, तेच इथे. पॅसिफिकवरून येणारे ढग कॅस्केडच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि पूर्वेला पर्जन्यछाया पडते. काउंटीची पश्चिम कड माउंट हूडच्या जंगलात आहे. तिथून पूर्वेला निघालं की आधी पाइन, मग ओक, मग गव्हाची उघडी टेकाडं आणि शेवटी सेजब्रशची करडी झुडपं. द डॅल्सला वर्षाला साधारण १४ इंच पाऊस, तोही बराचसा हिवाळ्यात. गावाजवळच्या उतारांवर चेरीच्या बागा, वरच्या पठारावर कोरडवाहू गहू, दक्षिणेला गुरं आणि मेंढ्या.

पण ही काउंटी मुळात नदीची. द डॅल्सच्या वरच्या अंगाला सेलिलो धबधबा होता. अवाढव्य कोलंबिया तिथे काळ्या बसाल्टच्या खडकांतून अरुंद फटींमध्ये कोंबली जायची. ‘डॅल्स’ हा शब्दही फ्रेंच फर व्यापाऱ्यांचा, फरशीसारख्या त्या खडकांवरून पडलेला. प्रवाहाविरुद्ध चढणारा सॅमन मासा इथे अडखळायचा आणि माणसं त्याची वाट बघत उभी असायची. खडकाबाहेर काढलेल्या लाकडी माचाणावर, कमरेला दोर बांधून, लांब दांड्याचं जाळं फेसाळत्या पाण्यात घालून. कुठल्या माचाणावर कुठल्या घराण्याचा हक्क, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं.

ऑक्टोबर १८०५मध्ये लुईस आणि क्लार्क या अमेरिकन शोधप्रवाशांची तुकडी इथून गेली. क्लार्कने रोजनिशीत मासे टिकवण्याची रीत बारकाईने लिहून ठेवली आहे. सॅमन उन्हावाऱ्यात वाळवायचा, दोन दगडांमध्ये कुटून त्याची भुकटी करायची, गवत आणि लव्हाळ्याच्या टोपलीला आतून माशाच्याच कातड्याचं अस्तर लावायचं आणि त्यात ती ठासून भरायची. एका टोपलीचं वजन ९० ते १०० पौंड, आणि माल कित्येक वर्षं टिकणारा. या टोपल्यांवर दूरदूरच्या जमातींशी व्यापार चाले. गोऱ्यांनी ‘ओसाड’ म्हणून ज्या प्रदेशाची वर्णनं केली, तिथे इतका मोठा बाजार भरत होता, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

१८४०च्या दशकात ओरेगन ट्रेलवरून, म्हणजे पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्यांच्या वाटेवरून, बैलगाड्यांचे तांडे येऊ लागले. द डॅल्सला गाडीवाट संपायची. पुढे गाड्या तराफ्यांवर चढवून नदीत सोडायच्या, आणि त्यात बरेच लोक बुडाले. १८४६मध्ये माउंट हूडला वळसा घालणारा बार्लो रोड खुला झाला, गाडीमागे पाच डॉलर टोल घेऊन. लोक राहायला लागल्यावर जमिनीचा प्रश्न आलाच. जून १८५५च्या तहात वास्को आणि त्यांच्या शेजारच्या जमातींनी सुमारे एक कोटी एकर जमीन सोडली आणि त्यांना दक्षिणेकडे वॉर्म स्प्रिंग्जच्या राखीव क्षेत्रात जावं लागलं. नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क मात्र त्यांनी तहात लिहून घेतला. पुढच्या शंभर वर्षांतल्या भांडणांचं मूळ त्या एका कलमात आहे.

१० मार्च १९५७ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सेलिलो पाण्याखाली गेला. काठावर जमलेल्या वृद्धांनी तो आवाज थांबताना ऐकला. जमातींना मिळून सुमारे २ कोटी ६८ लाख डॉलर भरपाई मिळाली. २००८मध्ये सोनारने (ध्वनिलहरींच्या यंत्राने) तळाची पाहणी झाली, तेव्हा खडक जसेच्या तसे असल्याचं दिसलं.

तह आणि धरण यांच्या मधल्या काळात इथे तेजी-मंदीचे खेळ बरेच झाले. पूर्वेकडच्या खाणींत सोनं निघालं म्हणून द डॅल्सला सरकारी टांकसाळ बांधायला घेतली. भिंती उभ्या राहीपर्यंत सोनं आटलं आणि त्या टांकसाळीत एकही नाणं पडलं नाही. १९००मध्ये रेल्वे शॅनिकोला पोचली आणि ते खेडं लोकरीची जागतिक राजधानी म्हणून मिरवू लागलं. १९११मध्ये डेशूट्स नदीच्या दरीतून दुसरी लाइन गेली आणि शॅनिको बसलं. आज तिथे तीसेक माणसं राहतात.

शॅनिकोच्या खालचं गाव अँटिलोप. वस्ती चाळीसच्या आसपास, बहुतेक निवृत्त शेतकरी-पशुपालक. जुलै १९८१मध्ये तिथून तीसेक किलोमीटरवरचा सुमारे ६४ हजार एकरांचा बिग मडी रँच रजनीशांच्या शिष्यांनी ५७ लाख ५० हजार डॉलरना घेतला. चराईने उजाड झालेल्या त्या जमिनीवर त्यांनी बांध घातले, भाजी पिकवली. हे काम खरोखर चांगलं होतं, आणि ते टीकाकारांनीही मान्य केलं. अडचण कायद्याची होती. ओरेगनच्या १९७३च्या जमीनवापर कायद्यानुसार शेतजमिनीवर वसाहत उठवता येत नव्हती. मग दोन वाटा चोखाळल्या गेल्या: रँचवरच स्वतंत्र शहर स्थापन करायचं, आणि अँटिलोपमध्ये घरं विकत घेऊन मतदार वाढवायचे. घाबरलेल्या गावकऱ्यांनी एप्रिल १९८२मध्ये आपली नगरपालिकाच बरखास्त करायचा ठराव मतदानाला टाकला, पण तोवर नवे रहिवासी जास्त झाले होते. ठराव पडला. वर्षअखेरीस नगरपरिषद शिष्यांच्या हातात गेली आणि पुढे गावाचं नावही ‘रजनीश’ झालं.

पुढचा टप्पा काउंटीचा. वास्कोची लोकसंख्या सुमारे २१ हजार, कारभार तीन जणांच्या मंडळाकडे, आणि नोव्हेंबर १९८४मध्ये त्यातल्या दोन जागांची निवडणूक. शिष्यांनी देशभरातून हजारो बेघर माणसं बसने आणली. काउंटी क्लार्कने, म्हणजे मतदार नोंदणी बघणाऱ्या अधिकाऱ्याने, नव्या मतदारांची नोंदणी रोखून धरली. त्याच सुमारास द डॅल्समधल्या दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेलाचे जंतू टाकले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली. मतदानाच्या दिवशी गावकरी घरीच पडून राहावेत, असा बेत होता. कुणी दगावलं नाही, हे नशीब. सुरुवातीला बोट हॉटेलातल्या कामगारांच्या स्वच्छतेकडे दाखवलं गेलं. वर्षभराने रजनीशांची सेक्रेटरी शीला आणि तिचे साथीदार पळून गेल्यावर खुद्द रजनीशांनीच तिच्यावर आरोप केले, तेव्हा तपासाला दिशा मिळाली. नोव्हेंबर १९८५मध्ये इमिग्रेशनच्या गुन्ह्यात ४ लाख डॉलर दंड भरून रजनीश देश सोडून गेले आणि १९८७च्या सुरुवातीला पुन्हा पुण्यात आले. अँटिलोपने त्याच नोव्हेंबरात जुनं नाव परत घेतलं. गावात झेंड्याच्या खांबाखाली एक पाटी आहे. त्या चार वर्षांना तिच्यावर ‘आक्रमण आणि कब्जा’ म्हटलंय. वॉर्म स्प्रिंग्जच्या माणसाला ते शब्द वाचून काय वाटत असेल, असा विचार मनात येतोच. रँचवर आता ख्रिस्ती संस्थेची तरुणांसाठीची शिबिरं भरतात.

द डॅल्सची गोष्ट अजून नदीपाशीच घुटमळते. धरणाच्या स्वस्त विजेवर आधी ॲल्युमिनियमचा कारखाना आला, तो बंद पडला. २००६पासून गूगलचं डेटा सेंटर आहे. सर्व्हर थंड ठेवायला पाणी लागतं. ते किती, हे एका वर्तमानपत्राने विचारलं, तर नगरपालिका आकडा व्यापारी गुपित असल्याचं सांगत कोर्टात गेली. डिसेंबर २०२२मध्ये तडजोड झाली आणि आकडा बाहेर आला: २०२१ या एका वर्षात साडेपस्तीस कोटी गॅलन, म्हणजे अख्ख्या शहराच्या वापराचा चौथा हिस्सा ओलांडून.