क्वांटाइलवरचा परिणाम वेगळा, माणसांवरचा परिणाम वेगळा

पाच माणसं घ्या, उत्पन्न १०, २०, ३०, ४०, ५०. धोरण आलं आणि पहिल्याचं ५० झालं, दुसऱ्याचं ४०, तिसरा ३० वरच राहिला, चौथा २० वर आला आणि पाचवा थेट १० वर. आता क्वांटाइल ट्रीटमेंट इफेक्ट, म्हणजे क्यूटीई काढा; क्वांटाइल म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या रांगेतल्या ठराविक जागेवरचा आकडा. आधीची रांग १० ते ५०, नंतरचीही १० ते ५०, मिडियन, म्हणजे बरोबर मधला आकडा, दोन्हीकडे ३०, म्हणजे प्रत्येक क्वांटाइलला परिणाम शून्य! आणि इकडे पाचातल्या चौघांची पार उलथापालथ झालीय.

क्यूटीई फक्त दोन रांगा शेजारी ठेवतो, धोरण मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची, आणि त्याच परसेंटाइलची, म्हणजे शंभरात मोजलेल्या त्याच जागेवरच्या आकड्यांची, वजाबाकी करतो. तिथे उभा असलेला माणूस तोच आहे का, हे तो बघतच नाही. वैयक्तिक परिणामासाठी एकाच माणसाचे धोरणासह आणि धोरणाशिवाय असे दोन्ही आकडे लागतात आणि ते रँडमाइज्ड प्रयोगातही, म्हणजे धोरण कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं तरी, एकत्र मिळत नाहीत. आपला घोळ होतो तो सरासरीच्या सवयीमुळे, कारण फरकांची सरासरी आणि सरासरींचा फरक एकच येतो, क्वांटाइलचं तसं नसतं. मग १० व्या परसेंटाइलला वाढ दिसली की लोक बिनधास्त लिहितात 'सगळ्यात गरिबांना फायदा झाला', आणि हे मला खरंच खटकतं. तसं म्हणायला रँक इनव्हेरियन्स धरावा लागतो, म्हणजे धोरणाने रांगेतला कोणाचाच नंबर बदलला नाही असं, आणि नोकरी-प्रशिक्षणासारख्या योजनेत हे गृहीतक फारच जड आहे. ते नको असेल तर हेकमन, स्मिथ आणि क्लेमेंट्स यांनी १९९७ मध्ये दाखवलं तसं वैयक्तिक परिणामांच्या वितरणाला बाउंड्स, म्हणजे खालची आणि वरची मर्यादा, लावता येतात, पण ते बरेचदा खूप रुंद निघतात.

पण म्हणून क्यूटीई टाकाऊ अजिबात नाही. विषमता किंवा गरिबीचं प्रमाण किती बदललं एवढाच प्रश्न असेल तर रांगा पुरेशा आहेत. बिटलर, गेलबाक आणि होइन्स यांच्या २००६ च्या पेपरमध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या जॉब्स फर्स्ट या गरीब कुटुंबांसाठीच्या मदत योजनेचा अभ्यास आहे, त्यात सुरुवातीच्या काळात कमाईवर तळाला परिणाम शून्य, मधे वाढ आणि वरच्या टोकाला घट असं चित्र आलं, जे सरासरीत दडून गेलं असतं. आणि एखाद्या क्वांटाइलला परिणाम निगेटिव्ह आला तर कोणाचं तरी नुकसान झालंय हे रँक इनव्हेरियन्स न धरताही पक्कं सांगता येतं, फक्त ते कोणाचं हे नाही. उलटं मात्र चालत नाही, सगळे आकडे शून्य किंवा पॉझिटिव्ह आले म्हणून कोणाचंच नुकसान झालं नाही असं नसतं, वरचा पाचवा माणूस बघा.