चिपसेट की मेमरी कंट्रोलर? रॅम कोण पळवतं?

निपाणीचे एक काका मुलाचा नवा पीसी (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा) घेऊन शहापूरला माझ्याकडे आले. "६००० स्पीडची रॅम म्हणून पैसे मोजले, आणि हे ४८०० दाखवतंय की! चिपसेटच हलका घातलाय काय त्यानं?" बायोस उघडला, एक्स्पो (रॅम तिच्या लिहिलेल्या स्पीडला चालवणारी सेटिंग) चालू केलं, रीस्टार्ट मारला. आलं ६०००. चिपसेटनं काहीच केलं नव्हतं.

चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची चिप. यूएसबी, साटा (हार्डडिस्कचे पोर्ट), जादा पीसीआय लेन (कार्ड जोडायच्या वाटा) हे तिचं खातं. रॅमशी बोलतो तो मेमरी कंट्रोलर, आणि तो आता प्रोसेसरच्या पोटात असतो.

गोंधळ उगाच होत नाही. पूर्वी कंट्रोलर खरंच चिपसेटमध्ये, त्यातल्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असायचा. टिळकवाडीचं रेल्वे गेटच ते: बुलेट असो की लूना, गेट पडलं की थांबा. तेव्हा प्रोसेसरची शर्यत या गेटवर ठरायची. २००० साली इंटेलनं पेंटियम ४ आणला तो ८५० चिपसेट आणि महागड्या आरडीरॅमसकट. पुढच्या वर्षी स्वस्तातला ८४५ आला, साध्या एसडीरॅमचा. सेकंदाला ३.२ जीबी ओढू शकणाऱ्या प्रोसेसरला मिळायचा जेमतेम १ जीबी! तिकडे एएमडीचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर डीडीआर या जास्त वेगवान रॅमवर मजेत पळत होता. २००२च्या सुरुवातीला ८४५ला डीडीआर जोडल्यावर तोच पेंटियम सुधारला.

मग एएमडीनं २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ काढताना गेटच उखडलं. कंट्रोलर आत घेतला. इंटेलला पहिल्या कोअर आय७ पर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत वेळ लागला.

तरी चिपसेटच्या हातात परवानगी उरली आहे. इंटेलचा एच६१० चिपसेट रॅम ओव्हरक्लॉक करू (ठरल्यापेक्षा जास्त पळवू) देत नाही, बी७६० देतो. आणि एकाच बी७६०चे बोर्ड डीडीआर४चेही मिळतात, डीडीआर५चेही, कारण त्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरना दोन्ही कळतात. स्लॉट मात्र वेगळे, एकाची काडी दुसऱ्यात बसत नाही. रायझन ७०००ला फक्त डीडीआर५ चालते. त्यामुळे २०२२ मध्ये जुनी रॅम पडून असलेलं गिऱ्हाईक इंटेलकडे वळणं साहजिक होतं.

काकांचा शेवटचा प्रश्न, एएमडीच्या दोन चिपसेटबद्दल: "बी६५० ऐवजी एक्स६७० घेतला असता तर रॅम आणखी पळाली असती, नव्हं?"

चिपसेटमुळे तरी नाही, काका. कंट्रोलर तोच, रायझनमधला. पोर्ट वाढले असते. आणि बिल.