पंक्चर, ठिगळ आणि ‘ट्यूबलेस’चा घोळ

मराठीत पंक्चर ‘काढतात’, पायातला काटा काढावा तसं. प्रत्यक्षात ट्यूबमधून काहीच निघत नाही, उलट तिच्यावर एक तुकडा चढतो. पण टायरच्या आत रुतलेला काटा न शोधता नुसतं ठिगळ लावून निघालेला माणूस पुढच्या वळणावर पुन्हा उतरतो, तेव्हा हे क्रियापद किती नेमकं आहे ते त्याला कळतं.

कोकणात या काढण्याच्या तऱ्हा गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकदम वाढल्या. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या किनारी रस्त्यावर पुण्या-मुंबईचे गियरवाले सायकलस्वार दिसू लागले, आणि पाण्याचं घमेलं, कानस, सोलुशन एवढ्यावर चालणाऱ्या दुकानांसमोर दोरी, जेल, चिकट पॅच, पातळ प्लास्टिकसारख्या ट्यूबा आणि वायूची नळकांडी येऊन उभी राहिली. या गोष्टी कुठून आल्या आणि त्यांतली कुठली कुणाच्या कामाची, याची ही पार्श्वभूमी.

मूळ इतिहास थोडक्यात उरकतो. हवेचा टायर दोनदा शोधला गेला. १८४५ मध्ये एका स्कॉटिश माणसाने गाडीच्या चाकासाठी त्याचं पेटंट घेतलं आणि जग ते विसरून गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या एका पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीला रबरी नळी गुंडाळली, आणि या वेळी ती टिकली. पुढे जुनं पेटंट उजेडात आल्यावर या दुसऱ्याचं रद्द ठरलं, पण तोवर धंदा उभा राहिला होता. हे पहिले टायर रिमला डकवलेले असत. फ्रान्समधल्या एका रबर कारखान्यात अशा टायरचं एक पंक्चर काढायला तीन तास लागले आणि वर गोंद वाळायला रात्र गेली, ही त्या कंपनीची आवडती गोष्ट. तिथूनच १८९१ मध्ये हाताने सुटणारा टायर निघाला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये काठात तार घातलेला टायर आणि आत रबराची छोटी नळी असलेला वॉल, म्हणजे हवा भरायची झडप, आला. रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढणं तेव्हापासून शक्य झालं. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलला आजही तोच तारेचा टायर आणि तोच वॉल असतो. मराठीत तिला आधी ‘पायगाडी’ म्हणत. ‘दुचाकी’ हा शब्दही तिचाच होता, तो मोटारसायकलने पळवला.

मला नीट माहीत असलेला काळ १९८० नंतरचा. कोकणात सायकल देशावर होती तेवढी कधीच नव्हती. चढउतार, घाट्या आणि पावसाळ्यातला चिखल. पण खाडीकाठच्या सपाट गावांत पोस्टमन, दूधवाला, तळकोकणात भोंपू वाजवत येणारा पाववाला आणि हायस्कूलची पोरं यांची सगळी भिस्त तिच्यावर. तासावर भाड्याने सायकल मिळे, आणि भाड्याच्या वेळात पंक्चर झालं तर पैसे कुणी द्यायचे यावर दर आठवड्याला एक तरी भांडण ठरलेलं असे. दुकानदाराचं म्हणणं, ज्याच्या खाली फुटलं त्याचं. पोरांचं म्हणणं, ठिगळ जुनंच होतं, ते सुटलं. बहुतेक वेळा पोरं खरी असत.

निम्म्या वेळा ते पंक्चर नसेच. वॉलमधली रबराची नळी, म्हणजे वॉलट्यूब, उन्हाने कडक होऊन चिरते आणि हवा हळूहळू जाते. दुकानदार बोटाला थुंकी लावून वॉलच्या तोंडावर टेकवायचा, बुडबुडा आला की निकाल: “पंचर नाय रे, वॉलट्यूब गेली हा.” दोन मिनिटांचं काम. आज नव्या सायकलीवर हवा गेली की सरळ ट्यूब बदलणारे कित्येक जण आहेत, त्यांनी ही थुंकी एकदा वापरून बघावी.

खरं पंक्चर असलं तर कारण जागेप्रमाणे ठरलेलं. वईसाठी, म्हणजे कुंपणासाठी, तोडलेल्या काट्या रस्त्यावरून ओढत नेल्या की करवंदीचे काटे. किनाऱ्याच्या वाटेवर सागरगोट्याचे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या लाकडी पेट्यांच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, त्याही बहुतेक बागांच्या तोंडाशी आणि ट्रक भरायच्या जागी. पुठ्ठ्याचे खोके आल्यापासून त्या बऱ्याच कमी झाल्या. त्यांची जागा महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून निघणाऱ्या केसाएवढ्या पोलादी तारांनी घेतली. ही तार डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र लागते, तीही टायर आतून चाचपला तर.

आणि एक खास किनाऱ्याचं पंक्चर: आतून होणारं. खारी हवा आणि चार महिने भिजलेला रस्ता यांनी लोखंडी रिम चाकाच्या तारांच्या (स्पोकच्या) भोकांपाशी फुगून गंजते, गंजाचे पापुद्रे त्या भोकांवरच्या रिमपट्टीतून वर येतात आणि ट्यूबला खालच्या, म्हणजे रिमकडच्या बाजूने टोचतात. भोक त्या बाजूला दिसलं की काटा शोधत बसू नये, रिम घासून नवी पट्टी टाकावी. जुन्या ट्यूबची गोल कापलेली पट्टी या कामाला उत्तम.

आता ठिगळ. जुनी रीत अशी: ट्यूब कानशीने किंवा खिळ्याने भोकं पाडलेल्या पत्र्याने खरवडायची, सोलुशन लावायचं, जुन्या ट्यूबचा तुकडा तसाच खरवडून वर दाबायचा, हातोडीने ठोकायचा. नैसर्गिक रबराच्या ट्यूबेवर हे चाललं. बुटाइल रबर अमेरिकेत १९३७ च्या सुमारास तयार झालं. ते हवा फार चांगली धरतं, पण साध्या सोलुशनला तेवढं दाद देत नाही. तयार पॅचचा फायदा इथे कळतो. त्याच्या खालच्या बाजूचं रबर पूर्ण पक्कं केलेलं नसतं आणि सोबतच्या द्रवातल्या रसायनाने ते ट्यूबच्या रबराशी थंडच जोडलं जातं. मोटारीच्या ट्यूबा शिकंजात आवळून आगीवर शेकून जे करत, तेच हे बिनआगीचं. अट एकच: द्रव पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, पाचेक मिनिटं. घाई केली की पॅच सरकतो.

पावसाळ्यात ही पाच मिनिटं कोकणात पुरत नाहीत. सोलुशनमधला स्पिरिटसारखा भाग उडताना ट्यूबचा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बारीक बसतं. डोळ्यांना जेमतेम धूसर दिसतं, पण पॅच तिसऱ्या दिवशी कडेने उचलायला लागतो. म्हणूनच आषाढात दुकानदार सोलुशनला काडी लावून ते क्षणभर पेटू देत, किंवा ट्यूब दिव्याजवळ धरत. पुस्तकात याला मान्यता नाही आणि मुलांनी घरी करू नये, पण त्यामागचं कारण अडाणीपणाचं नव्हतं.

इथवर सगळं सरळ आहे. घोळ सुरू होतो ‘ट्यूबलेस’पाशी, आणि त्याला जास्त जागा देणं भाग आहे, कारण या एका शब्दाने गेल्या काही वर्षांत दुकानात जितके वाद लावले तितके भाड्याच्या सायकलींनीही लावले नव्हते.

स्कूटर आणि मोटारसायकलींना ट्यूबलेस टायर आले, त्यात दोरी घुसवून चाक न काढता पंक्चर निघू लागलं, आणि लोकांना साहजिकच वाटलं की सायकललाही हेच हवं. आज कोकणातल्या दुकानात ‘ट्यूबलेस’ म्हणून तीन अगदी वेगळ्या वस्तू मागितल्या आणि विकल्या जातात.

पहिली खरी. टायरचा काठ रिमवर हवाबंद बसतो, तारांची भोकं टेपने बंद असतात, ट्यूब नसतेच. सायकलसाठी याची पद्धतशीर मांडणी तीन फ्रेंच कंपन्यांनी १९९९ मध्ये केली, डोंगरी सायकलींसाठी. पुढे आत पातळ द्रव घालायची पद्धत रुळली. तो द्रव बहुतेक वेळा रबराचा चीकच असतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागा पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही: झाडाचा चीक गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. टायरमधल्या द्रवातही बऱ्याचदा तो असतो, आणि भोकातून बाहेर पडताना चीक गोठून भोक बुजवतो. फणसाचा चीक हाताला लागलेल्या कुणालाही ही युक्ती नवी नाही. मोठं भोक असलं तर बाहेरून बारीक दोरी घुसवतात. ही दोरी मोटारीच्या दोरीपेक्षा कितीतरी बारीक असते. महामार्गावरच्या टायरवाल्याने प्रेमाने आपला जाड टोचा सायकलच्या टायरमध्ये घातला की छोटं भोक मोठं होतं आणि मग काहीच उपाय राहत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे साध्या ट्यूबमध्ये वॉलमधून ओतलेलं हिरवं जेल. “ट्यूबलेस करून दिली” असं म्हणून ते घालतात, आणि आत ट्यूब तर असतेच. छोट्या काट्याला ते थोपवतं, खोटं नाही. पण वॉल चोंदतो, आणि पुढे खरं भोक पडलं की त्यातून जेल पाझरत राहतं, ट्यूब कितीही पुसली तरी पॅच बसत नाही. ठिगळ लावणारे बरेच दुकानदार जेलवाली ट्यूब हातात घ्यायला नकार देतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘ट्यूबलेसचं पंक्चर याला येत नाही.’ दोघं एकाच शब्दावर दोन वेगळ्या वस्तूंबद्दल भांडत असतात.

तिसरी म्हणजे भरीव टायर, लहान मुलांच्या सायकलींना असतो तो. हवा नाही, त्यामुळे पंक्चर नाही, आणि बसणाऱ्याच्या कंबरेला जांभ्याची खडी थेट कळते. गंमत अशी की १८८८ पूर्वी सायकलींना हवेचे टायर नव्हतेच, बहुतेकांचे भरीव असत. त्या हादऱ्यांवर उपाय म्हणून तर हवेचा टायर आला.

मग कोकणात खरी ट्यूबलेस घ्यावी का? ज्यांची रिम त्यासाठी बनवलेली आहे आणि जे आठवड्याला शंभर-दोनशे किलोमीटर चालवतात, त्यांनी जरूर घ्यावी. रोज शाळेला किंवा बंदरावर जाणाऱ्या सायकलला नको, हे माझं मत. काळ्या सायकलच्या लोखंडी रिमवर तो काठ हवाबंद बसतच नाही. चीक दोन ते सहा महिन्यांत सुकतो, आपल्या उन्हाळ्यात लवकरच, मग पुन्हा भरावा लागतो. पहिल्यांदा टायर बसवायला हवेचा एकदम झोत लागतो, तो कॉम्प्रेसरचा, पायाच्या पंपाचा नव्हे. शिवाय काही द्रवांतला अमोनिया अॅल्युमिनियमच्या रिमला खातो, आणि खारी हवा आधीच ते काम करत असते.

मापांचाही एक छोटा घोळ आहे. गावच्या दुकानात ‘अठ्ठावीस’ म्हणजे टायर बसतो तिथे ६३५ मिलिमीटर व्यासाचं चाक. बाहेरून येणाऱ्या सायकलीचं ‘अठ्ठावीस’ किंवा ‘सातशे’ म्हणजे ६२२. तेरा मिलिमीटरच्या या फरकाने टायर अजिबात बसत नाही, ट्यूब मात्र अडचणीत चालवून घेता येते. वॉलचं तसं नाही. बाहेरून येणाऱ्या सायकलींच्या बारीक वॉलसाठी, म्हणजे प्रेस्टासाठी, पाडलेल्या रिमच्या भोकातून आपला जाड वॉल जात नाही. उलट प्रेस्टाची ट्यूब जाड भोकात जाते, फक्त वॉल डगमगतो, म्हणून त्याला जुन्या रबराची चकती घालायची.

बाकीच्या नव्या गोष्टींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बिनसोलुशनचे चिकट पॅच घरी पोचण्यापुरते चांगले, पण ट्यूब चांगली खरवडून कोरडी पुसलेली हवी आणि घरी आल्यावर पक्कं ठिगळ लावायला हवं. पातळ पारदर्शक ट्यूबा खिशात मावतात, पण त्या रबराच्या नसल्याने आपलं सोलुशन त्यांना लागत नाही, त्यांचे पॅच त्यांच्याबरोबरच घ्यावे लागतात. सोळा ग्रॅमच्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड क्षणात टायर फुगवतो, पण तो रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो. रात्री भरलेला टायर सकाळी मऊ, म्हणून पोचल्यावर तो सोडून साधी हवा भरायची. काही उत्पादक चीक घातलेल्या टायरमध्ये हा वायू भरूच नका असं सांगतात, कारण त्याने चीक आतच गोठू शकतो.

गुहागरच्या बाजूला एका दुकानात उभ्या पितळी पंपाला प्रेस्टाचा छोटा अडॅप्टर सुतळीने बांधून ठेवलेला आहे. विचारलं तर म्हणाले, आधी ड्रॉवरमध्ये होता, तीन गेले, पाहुणे वापरून तसेच खिशात घालून नेतात.